हातकडीत हात घालण्याआधी

चैत्र लागला की जुन्नर-आंबेगावात जत्रांचे दिवस सुरू होतात. नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावची मंडळी सुपारी द्यायला येतात. याच मुलखात शाळा, गणेश मंडळं आणि यात्रा धरून मी जादूचे प्रयोग करत आलो आहे. पूर्वी प्रयोग संपला की पोरं पत्त्यांबद्दल विचारायची. हल्ली विचारतात, ‘‘दादा, हातकडी सोडवायला शिकवा ना.’’ मोबाईलवर कुणीतरी साखळदंडातून सुटताना त्यांनी पाहिलेलं असतं. एखाद्याने हातकडी मागवलेली असते, एखाद्याच्या दप्तरात कुलूप उघडायच्या तारांचा संच असतो. घरात मात्र कुणाला पत्ता नसतो. अशा पोरांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितो आहे.

ही विद्या वाईट नाही. ती बोटांना संयम शिकवते आणि यंत्र कसं चालतं याची जाण देते. पण तिच्यात एक धोका असा आहे, जो पत्त्यांच्या किंवा रुमालाच्या जादूत नाही. इथे खरी धडपड आणि नाटकातली धडपड बाहेरून अगदी सारखी दिसते. तुम्ही खरोखर अडकलात तरी समोरचे लोक टाळ्याच वाजवतात.

आंबेगाव तालुक्यातल्या एका यात्रेत मी हे अनुभवलं. प्रयोग रंगात आला होता. गर्दीतून एक गडी स्वतःची हातकडी घेऊन मंचावर आला. ‘आमच्या बेडीतून सुटून दाखवा’ म्हणाला आणि लोकांनी एकच गलका केला. त्याने माझ्या दोन्ही मनगटांवर कड्या चढवल्या आणि वरून दाबल्या. मी मनगट फिरवायला लागलो, तशी उजव्या हाताची कडी करकर करत आणखी आत गेली. बोटं गार पडायला लागली. किल्ली द्या म्हणून मी खुणावलं, तर लोकांना तो खेळाचाच भाग वाटला आणि हशा पिकला. अखेर गड्याने किल्ली लावली. पातळ पत्र्याची ती किल्ली भोकातच वाकली. मग मला शेजारच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात नेलं. तिथल्या कारागिराने आधी मनगट आणि कडी यांच्यामध्ये पत्र्याची पट्टी सरकवली, हात व्हाइसच्या कडेला टेकवला आणि हॅक्सॉने बेतानं कडी कापली. थोडं घासलं की पातं तापायचं आणि तो थांबून त्यावर पाणी सोडायचा.

कडी निघाली, पण अंगठ्याच्या मागची बाजू बधिर राहिली. मंचरच्या डॉक्टरांनी कारण समजावलं. रेडियल नसेची एक शाखा मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूने कातडीच्या अगदी खालून जाते. तिच्यावर लोखंड आवळलं की अंगठा आणि तर्जनीच्या मागे मुंग्या येतात, बधिरपणा येतो. तो जायला आठवडे लागतात, कधी महिने. जादूगाराचं पोट बोटांवर चालतं. त्या काळात पत्ता धरताना हात कापायचा.

झालं काय, ते हातकडीची रचना कळल्यावरच लक्षात येईल. कडीच्या फिरत्या भागाला करवतीसारखे दाते असतात आणि आत स्प्रिंगवरचा एक खटका असतो. दाते आत जाताना खटका वर उचलला जातो, उलट दिशेने मात्र तो दाते अडवतो. म्हणून नुसती लावलेली हातकडी झटापटीत घट्टच होत जाते. चांगल्या हातकडीला यावर उपाय असतो, दुसरा बंद. बऱ्याच हातकड्यांत किल्लीच्या मागच्या बारीक टोकाने कडीच्या कडेचं छोटं बटण दाबलं की खटका जागच्या जागी अडकतो. मग कडी पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. सोडवताना आधी किल्ली एका दिशेने फिरवून हा बंद काढायचा आणि मग दुसऱ्या दिशेने फिरवून कडी उघडायची. त्या गड्याच्या हातकडीला हा बंद लावलेला नव्हता. हाताला चटका बसेपर्यंत हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

असा प्रसंग या कलेच्या सर्वात मोठ्या माणसावरही आला होता. हॅरी हुडिनी 1899 साली शिकागोत प्रयोग करत असताना एका पोलीस सार्जंटने आतली यंत्रणा मुद्दाम निकामी केलेली हातकडी त्याच्या हातात घातली. ती कुठल्याच किल्लीने उघडण्यासारखी नव्हती, कापूनच काढावी लागली. तेव्हापासून हुडिनीने नियम केला की परक्या माणसाची हातकडी आधी सर्वांसमोर लावून आणि उघडून दाखवायची, मगच तो हात पुढे करणार. पुढे 1904 मध्ये लंडनच्या हिप्पोड्रोममध्ये ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राने त्याला एका खास हातकडीतून सुटण्याचं आव्हान दिलं. बर्मिंगहॅमच्या एका कारागिराने पाच वर्षं खपून ती हातकडी घडवली होती, असं सांगितलं गेलं. हुडिनी तासाभराहून अधिक वेळ झटत होता आणि शेवटी मोकळा झाला. आजची पोरं मोबाईलवर तीस सेकंदांची सुटका बघतात. तिच्यामागचा तास, नियम आणि तयारी त्यात दिसत नाही.

शिवनेरीच्या पायथ्याशी वाढलेल्यांना तर हे सांगायलाच नको. 1666 सालची शिवाजी महाराजांची आग्र्याहून सुटका आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आजारपणाची बतावणी, रोज बाहेर जाणारे मिठाईचे पेटारे, ते तपासून तपासून कंटाळलेले पहारेकरी. सुटकेचा क्षण येण्याआधी कितीतरी दिवस ती रचली जात होती. तेव्हा ‘आधी अडकू, मग बघू’ असं म्हणणारा माणूस या वाटेला लागूच नये.

आता जी गोष्ट सांगतो, ती प्रत्येक आईबापाने पोराला वाचून दाखवावी. 16 जून 2019 रोजी कोलकात्यात चंचल लाहिरी हे जादूगार, रंगमंचावरचं नाव मँड्रेक, हातपाय साखळीने आणि कुलपांनी बांधून घेऊन हावडा पुलाजवळ हुगळी नदीत उतरले. असाच प्रयोग त्यांनी याच नदीत पूर्वी यशस्वी केला होता. या वेळी ते वर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृतदेह सापडला. काठावर लोक होते, कॅमेरे होते. नवखा नव्हे, अनुभवी माणूस गेला. पाण्याखाली गेलेला माणूस खूण करू शकत नाही, ओरडू शकत नाही, आणि वरच्यांना तो अजून खेळतो आहे की बुडतो आहे, हे कळायला मार्ग नसतो.

आपल्याकडे डिंभ्याचं धरण आहे, येडगावचा जलाशय आहे, घोड आणि कुकडी आहेत, शेताशेतात खोल विहिरी आहेत. ‘दादा, विहिरीत उडी मारून साखळी सोडली तर केवढे लाइक मिळतील’ असं एका पोराने मला विचारलं होतं. त्याला जे सांगितलं, तेच इथे सांगतो. पाणी, आग, उंची, रेल्वेचा रूळ, डोक्यावर पिशवी आणि बंद पेटी या सहा गोष्टींना शिकाऊ माणसाने कधीच हात लावायचा नाही. गुरू सोबत असला तरी नाही, कॅमेरा बंद असला तरी नाही.

मग सुरुवात कुठून करायची? दोरीपासून. दोरी लोखंडासारखी दगा देत नाही, वेळ आली की कात्रीने कापता येते. सुती, जाड दोरी घ्या. नायलॉनची कातडीत रुतते. गळ्याभोवती दोरी कधीच नाही. कोणती गाठ ओढल्यावर आवळते आणि कोणती सैल पडते, हे ओळखायला लागलात की निम्मी विद्या आली. त्यानंतर कडेला सुटकेची कळ असलेली जादूगाराची हातकडी घ्या. खरी, किल्लीची हातकडी सगळ्यात शेवटी, आणि तीही स्वतः विकत घेतलेली, दुसरा बंद असलेली. हातात घालण्यापूर्वी ती टेबलावर ठेवून, दोन्ही किल्ल्यांनी आणि दोन्ही बंदांसह, बोटांना सवय होईपर्यंत उघडा.

सरावाला एकट्याने कधीच बसायचं नाही. शेजारी एक जाणता सोबती हवा. त्याच्या गळ्यात दुसरी किल्ली हवी, खिशात नको. खिशातली वस्तू घाईत सापडत नाही. सुरू करण्याआधी दोघांनी मिळून एक शब्द ठरवायचा, जो प्रयोगात एरवी कधीच येणार नाही. तो शब्द कानावर पडला की सोबत्याने प्रश्न न विचारता कडी उघडायची. तोंडाला कापड बांधायचं नाही, कारण मग तो शब्दच निघणार नाही. वेळही आधी ठरवा. वेळ संपली की ‘अजून एक मिनिट, होतंय’ ही विनवणी सोबत्याने ऐकायची नाही. मनगट आणि कडी यांच्यामध्ये करंगळी शिरेल एवढी जागा ठेवा. मुंग्या आल्या, बोट पांढरं किंवा निळसर पडलं, की सराव तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशीही बधिरपणा राहिला तर तेल चोळत बसू नका, डॉक्टरकडे जा. बाजारातला माणूस स्वतःची बेडी घेऊन आला तर हात जोडून नमस्कार करा आणि नाही म्हणा. तेवढ्याने तुमचा मान कमी होत नाही.

कुलपांचं थोडं वेगळं आहे. मला कुलूप शिकवलं ते बाजारात पेटी मांडून बसणाऱ्या एका चावीवाल्या मामांनी. त्यांनी पहिल्याच दिवशी तार हातात दिली नाही. जुनं पितळी कुलूप खोलून आतल्या पिना कागदावर ओळीने मांडायला लावल्या. कोणती लांब, कोणती आखूड, कोणती स्प्रिंग कशाखाली, ते बघून तीच परत बसवायला सांगितली. स्प्रिंग उडून मातीत हरवली की शोधत बसायचं. कुलूप जोडता आलं, मगच उघडण्याची भाषा. ‘जोर लागला म्हणजे चुकलं’ हे त्यांचं वाक्य मला आजही उपयोगी पडतं. जोर लावला की तार आत तुटते आणि कुलूप कायमचं जातं. म्हणून सराव भंगारातल्या कुलपावर करा, दाराला लावलेल्या कुलपावर कधीही नाही, मग ते घर स्वतःचं का असेना.

दुसऱ्याच्या कुलपाला तर गंमत म्हणूनही हात लावू नका. आपल्याकडे माणसं दाराला कुलूप घालून दिवसभर रानात असतात. कांद्याची चाळ, विहिरीवरची मोटार, स्टार्टरची पेटी, सगळं एका कुलपाच्या भरवशावर असतं. पंपाच्या केबल चोरीला जातात, शेतकरी रात्रीची राखण करतात. अशा वेळी तारांचा संच घेऊन रानवाटेने फिरणाऱ्या पोराला कुणी कलाकार म्हणणार नाही. कायदाही म्हणत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 122 नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीची हत्यारं जवळ सापडली, तर त्याला कायदेशीर कारण होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावरच असते. संच घरीच ठेवा आणि घरच्यांना माहीत असू द्या. शेजारच्या काकूंची चावी हरवली तर चावीवाल्याला बोलावून आणा. तुम्हाला उघडता येत असलं तरी नको. उद्या त्याच आळीत चोरी झाली तर पहिलं नाव तुमचं निघेल.

आईवडिलांना एक विनंती. पोराच्या दप्तरात हातकडी सापडली तर ती फेकून देऊ नका. फेकलीत तर तो दुसरी आणेल आणि गोठ्यामागे एकटा सराव करेल, आणि तेच सर्वात घातक आहे. त्याला समोर बसवा, दाखव म्हणा आणि दुसरी किल्ली आपल्या गळ्यात घाला.

आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातल्या आंबेठाणात 1924 साली जन्मलेले रघुनाथ भोपळे पुढे जादूगार रघुवीर म्हणून देशोदेशी प्रयोग करून आले. त्यामुळे या मातीतल्या पोराला मोठा जादूगार व्हायची इच्छा झाली तर ती अवाजवी नाही. तिच्यासाठी दोरी, एक चांगली हातकडी, भंगारातलं कुलूप आणि विश्वासाचा एक माणूस लागतो. यातला शेवटचा मिळत नसेल, तर तो मिळेपर्यंत पत्त्यांचा सराव करा.