सोमाटणे : हिवाळ्याची बेगमी

रेल्वेने येणाऱ्यांनी पुणे-लोणावळा लोकलने घोरावडी स्टेशनला उतरावं. एस. टी.ने किंवा स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनी जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर सोमाटणे फाटा विचारावा. फाट्यावरून एक रस्ता शिरगावच्या प्रतिशिर्डीकडे जातो, पुढे गेलं की तळेगाव दाभाडे लागतं, आणि मान वर केली की चौराई मातेची टेकडी दिसते. पण पहाटे उतरलात तर यातलं काही दिसायच्या आधी थंडी लागेल. आपल्या मंडळाचं संमेलन यंदा ऐन हिवाळ्यात आमच्या गावी होतंय, म्हणून गावाची ओळख मी थंडीपासूनच करून देणार आहे.

मुंबईकर पाहुणे म्हणतात, तुमची थंडी ती केवढी! महिनाभराची तर गोष्ट. खरं आहे. पण मावळातली थंडी पहाटेची असते आणि ती खोऱ्यात साचते. रात्री आकाश निरभ्र असलं की जमीन भराभर निवते. तिला लागलेली हवा गार होते, जड होते आणि डोंगरउतारावरून घसरत पवना नदीच्या काठाला येऊन बसते. म्हणून वर चौराईच्या देवळापाशी सोसवणारा गारवा खाली मळ्यात अंगात शिरतो. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खालीवर राहतो. पुणे वेधशाळेत १७ जानेवारी १९३५ रोजी तो १.७ अंशांपर्यंत उतरला होता. पक्क्या घरात, दोन ब्लँकेटं असलेल्याला दहा अंश म्हणजे सुखाची झोप. पत्र्याखाली, फरशीवर झोपणाऱ्याला नाही.

आमच्याकडे थंडीची तयारी चैत्रात सुरू होते. बाहेरच्या माणसाला हे ऐकून नवल वाटतं, पण उन्हाळा आणि हिवाळा यांच्यामध्ये आमचे पावसाचे चार महिने आडवे असतात. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूर्वेकडे सरकत सोमाटण्यापर्यंत येताना तो पुष्कळ कमी होतो, तरी घरातला लाकूडफाटा, कपडा, धान्य सगळं सादळायला पुरेसा असतो. दिवाळीनंतर जाळायचं सरपण दिवाळीनंतर गोळा करायला गेलात तर ओलंच हाती येतं. जे कोरडं करायचं ते वैशाखाच्या उन्हात, आणि मग ते आषाढ-श्रावणात कोरडं राखायचं. आमच्या सासूबाई म्हणायच्या, पैसे नसले तर ऊन साठवावं. लग्न होऊन आले तेव्हा मला ते बोलणं कळलं नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात कळलं.

उन्हाळ्यात शेणात भाताचा भुसा मिसळून गोवऱ्या थापायच्या, उलटून पालटून खडखडीत वाळवायच्या, त्यांचा हुडवा रचायचा, बाहेरून शेणाने लिंपायचा आणि वर पेंढ्याने शाकारायचा. नीट रचलेल्या हुडव्यातली गोवरी पाऊस संपल्यावरही वाजते. पापड-कुरडयांची वाळवणं सगळीकडेच होतात. आमच्याकडे त्याच उन्हात हुलगे, वाल, तांदूळही पसरले जातात आणि शेवटी कडुनिंबाचा पाला घालून कणगीत भरले जातात. घोंगडी मात्र दोन्ही ऋतूंची: पावसात डोक्यावरची खोळ, थंडीत पांघरूण.

मग गोधडी. इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण पोटाला चिमटा घेऊन जगणाऱ्या घरातली थंडीची तयारी म्हणजे मुळात गोधडीच. जुनं नऊवारी लुगडं, विरलेलं धोतर, मुलांचे लहान झालेले सुती सदरे, काही फुकट जात नाही. सर्वांत मऊ लुगडं अंगाच्या बाजूला, फाटके तुकडे मध्ये, धडका भाग वर. कडेने सुरुवात करून धावदोरा घालत घालत मध्याकडे यायचं. ऊब असते ती या थरांमध्ये अडकलेल्या हवेची, म्हणून टाके फार दाट घालून गोधडी दाबून टाकायची नाही. नायलॉन, टेरिकॉट आत घालायचं नाही; ते घाम पीत नाही आणि ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतं. शिवण दुपारी, चौघीजणी मिळून, ओट्यावर. एकीच्या घरची झाली की दुसरीची. सुई-दोऱ्यापलीकडे खर्च नाही.

नवरात्राच्या आधी या सगळ्या गोधड्या नदीवर जात. घटस्थापनेला घर सारवलेलं आणि अंथरूण धुतलेलं असलंच पाहिजे. पाऊस नुकताच ओसरलेला असतो, नदीला पाणी असतं आणि ऊन पुन्हा कडक झालेलं असतं. पवनेच्या काठच्या खडकांवर रंगीबेरंगी गोधड्या वाळत पडलेल्या मी पाहिल्या आहेत. आता बऱ्याच जणी गच्चीवरच धुतात. जागा बदलली तरी वेळ तीच आहे, आणि ती बरोबर आहे. भादव्यातली ओल अंथरुणात राहिली तर थंडीत त्याच गोधडीत गारठा वाटतो.

दिवाळीच्या सुमाराला भात कापणीला येतो. मावळचा इंद्रायणी तांदूळ आपण सगळ्यांनी खाल्ला असेल. हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचं, १९८७ सालचं. भात झोडून झाला की पेंढा उरतो. त्याची गंजी गुरांसाठी लागते, पण दोन पोती पेंढा घरासाठी काढून ठेवायचा. तरटात भरून जमिनीवर अंथरला की त्याच्यासारखी गादी नाही. पांघरुणाची काळजी सगळे करतात, अंगाखालच्या फरशीची कोणी करत नाही. तीन गोधड्या असतील तर दोन अंगाखाली घ्या आणि एकच पांघरा, पाठ शाबूत राहील.

जेवणही तसंच. वरकस जमिनीवर नाचणी, वरई आणि खुरासणी होते. खुरासणीची म्हणजे कारळ्याची चटणी, हुलग्याचं माडगं, नाचणीची भाकरी, कण्यांची पेज: हे सगळं घरचं. बाजरी बाजारातून आणायची, गूळ-तीळ आणायचे. डिंकाचे लाडू ज्याला परवडतील त्याने करावेत. भात निघालेल्या खाचरात वाफसा असतो तोवर हरभरा टाकतात, त्याचे घाटे पौषात हाताशी येतात. पोरांच्या फुटलेल्या टाचांना कोकमाचं तेल.

बेगमीची गोष्ट निघाली की मला दरवेळी १७७९ आठवतं. त्या जानेवारीत रघुनाथरावांना घेऊन मुंबईची इंग्रज फौज खंडाळ्याचा घाट चढून पुण्याकडे निघाली. ज्याला मराठे इष्टुर फाकडा म्हणत, तो कॅप्टन स्टुअर्ट कार्ल्यापाशी पडला. ९ जानेवारीला फौज तळेगावात पोचली, तेव्हा मराठ्यांनी गाव जाळून टाकलेलं होतं. शिधा नाही, वैरण नाही. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून ती माघारी फिरली आणि वडगावला महादजी शिंद्यांच्या फौजेने तिला घेरलं. तोफांनी जेवढं काम केलं तेवढंच रिकाम्या कणग्यांनी केलं. पण ज्या घरांची वर्षाची बेगमी त्या आगीत गेली, त्या घरांनी उरलेला हिवाळा कसा काढला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. वडगावच्या विजयस्तंभापाशी गेलात तर त्यांचीही आठवण ठेवा.

आजचं सोमाटणे शेतकऱ्यांचं जेवढं, तेवढंच भाडेकऱ्यांचं आहे. तळेगावच्या एमआयडीसीत काम करणारी मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहारची माणसं फाट्याच्या आजूबाजूला पत्र्याच्या खोल्यांमधून राहतात. त्यांच्याकडे ना ओटा, ना गोठा, ना गंजी. त्यांची थंडी वेगळी. पत्रा रात्री जमिनीहूनही लवकर निवतो. माणसांच्या श्वासाची वाफ त्याला आतून लागते आणि पहाटे अंथरुणावर थेंब पडतात. शेजारच्या बायकांनी यावर काढलेला उपाय मी पाहिला आणि मग आमच्या मागच्या खोलीतही केला: पत्र्याच्या खाली वीतभर अंतर सोडून जुनी साडी ताणून बांधायची. मधली हवा पांघरुणाचं काम करते आणि थेंब साडीत जिरतात. भिंत आणि पत्रा यांमधल्या फटीत पोती कोंबायची, एक झरोका मात्र उघडा ठेवायचा.

आंघोळीच्या पाण्याचा हिशेब तर प्रत्येक घराने मांडायला हवा. पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला साधारण ०.४४ युनिट वीज लागते. चार माणसं धरली तर रोजची पावणेदोन, महिन्याची पन्नासच्या वर. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटांच्या पुढे दर एकदम चढतो, म्हणजे नुसत्या आंघोळीने घर वरच्या दरात जाऊ शकतं. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब अजून आहे त्यांनी तो मोडीत घालू नये. करवंट्या, चिपाड, पालापाचोळा कशावरही तो पेटतो. खोलीत बंब ठेवता येत नसेल तर काळा रंग दिलेला डबा सकाळी भरून उन्हात ठेवावा. तीनच्या सुमारास पाणी अंगाला सोसेल इतपत तापलेलं असतं. पोतं गुंडाळून ठेवलं तर संध्याकाळी पाळीवरून आलेल्या माणसाची आंघोळ होते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांची पाटी ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही. शेकोटी अंगणात करा, चारजण जमा, आणि विझवून आत जा.

पाहुण्यांनी येताना स्वेटर आणि कानटोपी आणावी. अंथरूण-पांघरुणाची सोय आम्ही केली आहे, सगळ्या गोधड्या उन्हं दाखवून ठेवल्या आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांना चढवेल त्यांनी घोरावडेश्वरची लेणी पाहावीत. लेणी मूळची बौद्ध, पुढे तिथे महादेव आला, आणि तुकोबा तिथे येऊन बसत असं आमच्याकडे परंपरेने सांगतात. सूर्य वर आल्यावर निघा, कारण पायऱ्या दवाने ओल्या असतात.

आणि शेवटची विनंती. दिवाळीनंतर मावळात वीटभट्ट्या लागतात. त्यांवरच्या मजुरांची लेकरं सबंध हिवाळा झोपडीत मातीवर झोपतात. तुमच्या कपाटात एखादी जुनी सुती साडी, लुगडं किंवा धोतर असेल तर धुऊन बरोबर आणा. नोंदणीच्या टेबलाशेजारी टोपली ठेवलेली आहे. दोन साड्यांत लहान मुलाची एक गोधडी होते, आणि शिवायला आम्ही बसलेलो आहोत.