तयार दुधाची बाटली : पाणी घालावं का?

प्रश्न : सुनेचं बाळंतपण अमेरिकेत आहे. तिथल्या रुग्णालयात वरच्या दुधाची तयार बाटली देतात. त्यात पाणी घालावं का? उकळावी का? – एक आजी, पुणे

उत्तर : दोन्ही नको. हे द्रवरूप दूध कारखान्यातच निर्जंतुक केलेलं असतं. पाणी घातल्यास पोषण घटतं, शिवाय बाळाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला उतरू शकतं. सील आणि मुदत पाहावी, हात धुवावेत. गार वाटल्यास बाटली कोमट पाण्यात धरावी. मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही.

बाळानं प्यायला सुरुवात केल्यापासून तासाभरानं उरलेलं दूध टाकावं. आजीच्या जिवावर येईल, पण लाळेतले जंतू त्यात वाढतात.

पावडर मात्र निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर जंतू असू शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना ती किमान ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात कालवून, कोमट करून पाजायला सांगते.