नावे पाच, वेल एकच

जीवकाची गोष्ट विहारात आपण ऐकलेली आहे. तक्षशिलेच्या गुरूंनी त्याला औषधी नसलेली वनस्पती शोधून आणायला सांगितले आणि तो रिकाम्या हातांनी परतला. ही गोष्ट सांगताना एक बाब मात्र राहून जाते. त्यासाठी त्याला प्रत्येक झाड जवळ जाऊन पाहावे लागले असणार.

आपण मात्र नुसत्या नावावर औषध घेतो. सरावलीत जिला आपण गुळवेल म्हणतो, कुणी गरुडवेल म्हणतो, तिला कारखान्यात कामाला आलेले उत्तरेकडचे शेजारी गिलोय म्हणतात आणि वैद्य गुडूची किंवा अमृता. आमच्या ओळखीच्या एक ताई सकाळी गिलोयचा रस, दुपारी संशमनी वटी आणि रात्री अमृतारिष्ट घेत होत्या. तीन वेगळी औषधे समजून! तिन्हींत गुळवेल आहेच.

त्यात बिघडले काय? कोरोनाच्या काळात, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये, गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांना आढळले. तशीच दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असावी, असे आयुष मंत्रालयाचे म्हणणे पडले. पुढे २०२२ साली १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला, त्यात बोट गुळवेलीकडेच होते. वाद तज्ज्ञांचा आहे, पण यकृत आपले आहे.

शहापूरकडचे कातकरी बांधव रानातून गुळवेल गोळा करून विकतात. त्यांना ती झाडावर चढलेली, पानांसकट दिसते. पान हृदयाच्या आकाराचे, खोड आडवे कापले तर आत चाकासारखे आरे. पण बाजारात गोणीत येतात ते वाळलेले तुकडे. ते ओळखणे आम्हाला तरी जमत नाही, आणि पुडीतल्या चूर्णाचे तर विचारूच नका.

म्हणून विकणाऱ्याला नाव विचारा, बाटलीवरचे घटक वाचा आणि एकच वेल दोनदा पोटात जात नाही ना, ते पाहा. यकृताचा जुना आजार, आमवात, थायरॉइड किंवा मधुमेह असलेल्यांनी आणि गरोदर बहिणींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली, तर ते लगेच बंद करून दवाखाना गाठा. जाताना बाटली किंवा उरलेले तुकडे सोबत न्या आणि घरगुती म्हणून लपवू नका.