युनिक्सचे खानदान : सूत एक, वीण निराळी

दुकानासाठी संगणक घ्यायला गेलो की एक विक्रेता लिनक्स सुचवतो, दुसरा फ्रीबीएसडी, तिसरा मॅक दाखवतो. आणि तिघेही आपला माल युनिक्सच्या खानदानातला असल्याचे सांगतात. आपला रोजमेळ आणि खतावणी ज्याच्या हवाली करायची, त्याची चौकशी आपणच केली पाहिजे.

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्पसन व डेनिस रिची हे त्याचे जनक. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेत जी आवृत्ती वाढली ती बीएसडी. १९९३ मध्ये सुरू झालेली फ्रीबीएसडी तिचीच वारस. मॅकमध्येही बीएसडीचा बराच अंश आहे. लिनक्सचे तसे नाही. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये ते नव्याने लिहिले. वळण युनिक्सचे, पण सूत स्वतः कातलेले.

आपल्या धंद्यातली उपमा देतो. फ्रीबीएसडी ही कंपोझिट मिलसारखी आहे : गाभा आणि त्यावरची मूळ अवजारे एकाच छताखाली तयार होतात. लिनक्स म्हणजे केवळ गाभा, जणू मागावरून उतरलेले कोरे कापड. डेबियन, उबुंटू, रेड हॅट हे त्यावर आपापली प्रक्रिया करून माल बाजारात आणतात. म्हणून 'लिनक्स घेतले' एवढे सांगून भागत नाही. कोणाचे, तेही विचारावे.

दुसरा फरक परवान्याचा. लिनक्सच्या गाभ्यात बदल करून तो दुसऱ्याला दिला, तर बदललेला नक्शाही त्याला द्यावा लागतो. बीएसडीत ही अट नाही. मूळ कर्त्याची नोंद व परवान्याचा मजकूर राखला की पुरे. दोन्ही फुकट मिळतात ते हक्कदाराच्या इजाजतीने. चोरून नकललेल्या प्रतीसारखी खोट आपल्या कमाईत येत नाही.

मात्र फुकट म्हणजे बेफिकीर नव्हे. सेंटओएस ८ या लिनक्सला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील, या भरवशावर अनेकांनी कामे उभारली होती. डिसेंबर २०२० मध्ये मुदत घटवल्याचे जाहीर झाले आणि ३१ डिसेंबर २०२१ ला दुरुस्त्या थांबल्या. वायदा मोडला की पैसा न देणाऱ्यालाही तोटा होतो.

तेव्हा खरेदीपूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : आमचे हिशेबाचे पॅकेज यावर चालते काय? दुरुस्त्या कोणत्या सालापर्यंत मिळतील? बिघाड झाल्यास गावात जाणकार कोण? मॅक फक्त अ‍ॅपलच्याच यंत्रासोबत मिळतो, हेही किंमत करताना ध्यानात घ्यावे.

आणि प्रणाली कोणतीही असो, हिशेबाची एक प्रत रोज वेगळी काढून ठेवावी. त्या खात्यांत आपल्याइतकाच देणेकऱ्यांचा आणि भागीदारांचा हक्क असतो. ती आपल्याकडे अमानत आहे.