शुक्रवारी रोम, रविवारी घरी!

प्रश्न : माझी भाची एडिंबरोला शिकते. शुक्रवारी ती मैत्रिणींबरोबर रोमला गेली, शनिवारी स्कॉटलंड-इटली रग्बीचा सामना पाहिला आणि रविवारी परत! दोन्हीकडचे प्रेक्षक म्हणे मांडीला मांडी लावून बसतात. एका सामन्यासाठी एवढी माणसं परदेशी का जातात? आणि शेजारी बसून मारामारी कशी होत नाही?
— एक वाचक, सांगली

उत्तर : काही घरांत भावाभावांचा गणपती पाळीने बसतो ना, एक वर्ष थोरल्याकडे, एक वर्ष धाकट्याकडे? हा सामना ज्या स्पर्धेतला, त्या रग्बीच्या ‘सिक्स नेशन्स’चा हिशेब तसाच आहे. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांची ही स्पर्धा 1883 मध्ये सुरू झाली. 1910 मध्ये फ्रान्स आला आणि 2000 मध्ये इटली. प्रत्येक संघ उरलेल्या पाचांशी दरवर्षी एकदाच खेळतो, आणि यजमानपद आलटूनपालटून. सध्याच्या पाळीत स्कॉटलंडच्या वाट्याला सम वर्षी रोम, कार्डिफ आणि डब्लिन येतात. विषम वर्षी पॅरिस आणि लंडन. यंदाचं रोम हुकलं की दोन वर्षं थांबा! म्हणून मित्रमंडळी आधीच विमानाची तिकिटं काढून ठेवतात. शिवाय सामने फेब्रुवारी-मार्चमधले. एडिंबरोचा गारठा सोडून किल्ट घातलेले घोळके सकाळी कोलोसियम पाहतात आणि मग तिबर नदीकाठच्या स्टेडियो ओलिंपिकोची वाट धरतात. संघ हरला तरी सहल पदरात पडतेच.

आता मारामारीचं. फुटबॉलमध्ये पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना वेगळ्या भागात बसवतात. रग्बीत तशी विभागणी नसते. इंग्लंड-वेल्समध्ये 1985 च्या कायद्याने फुटबॉलचा सामना चालू असताना मैदान दिसेल अशा जागी दारू पिण्याला मनाई आहे; रग्बीच्या प्रेक्षकाच्या हातात मात्र बिअरचा पेला खुशाल असतो. प्रेक्षकांत स्वतः कधीतरी क्लबात खेळलेले पुष्कळ असतात, आणि मैदानावरची शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली असते. अडीच-तीन मणांचे गडी एकमेकांवर आदळतात, पण पंचांशी बोलायचं ते कर्णधाराने, तेही ‘सर’ म्हणून. चाळीस-चाळीस मिनिटांची दोन सत्रं संपली की दोन्ही संघांचं एकत्र खाणंपिणं. इटलीत त्याला ‘तेर्झो तेंपो’, म्हणजे तिसरं सत्र म्हणतात. प्रेक्षकांचं तिसरं सत्र रस्त्यावर आणि पबात चालतं.

सगळे संतच असतात असं मात्र समजू नका. 1988 मध्ये एडिंबरोतल्या सामन्यानंतर काही खेळाडूंनी इंग्लंड-स्कॉटलंड लढतीचा चषक रात्री पबांतून मिरवला. तो परत आला तेव्हा चेपून गेला होता.

या चषकाचं नाव कलकत्ता कप! 1870 च्या दशकात कलकत्त्यातल्या इंग्रजांनी रग्बीचा क्लब काढला. पण तिथल्या हवेत हा खेळ रुजेना. सभासद टेनिस-पोलोकडे वळले. 1878 मध्ये क्लब मोडला, तेव्हा सभासदांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली आणि ते वितळवून चषक घडवून घेतला. तीन नागांच्या मुठी, झाकणावर हत्ती. 1879 पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी झुंजतात. पहिला सामना एडिंबरोतच झाला, आणि तो बरोबरीत सुटला!

भाचीला पुढच्या बेतासाठी एक सांगा. तिच्या ब्रिटिश मैत्रिणींचं नुसत्या पासपोर्टावर भागतं. भारतीय पासपोर्टाला मात्र रोम-पॅरिससाठी शेंगेन व्हिसा लागतो. विद्यार्थ्याने तो वेळेवर मागायला हवा. कार्डिफ किंवा लंडनला आगगाडीचं तिकीट पुरे. आणि सम वर्षी तर इंग्लंडचाच संघ एडिंबरोला येतो. मग आपल्या रुपयांच्या चांदीसाठी चाललेली झुंज पाहायला तिला गावाबाहेरही पडावं लागणार नाही.