मोगली एरंडाचा फुलोरा : संप्रेरके व जनुके यांचे कार्य

मोगली एरंड, ज्यास काही भागांत चंद्रज्योत म्हणतात, कुंपणास लावण्याची चाल जुनी आहे. कारण गुरे त्यास तोंड लावीत नाहीत. त्याच्या बियांच्या तेलापासून डिझेलसारखे इंधन करावे, अशी शिफारस नियोजन आयोगाच्या समितीने २००३ साली केली. त्यानंतर पडीक जमिनींवर त्याची मोठी लागवड झाली. पुढे पुष्कळ ठिकाणी एकच तक्रार ऐकू आली : झाड हिरवेगार, परंतु बी जेमतेम. दोष सर्वस्वी जमिनीचा वा पावसाचा नव्हता. त्याचे एक मोठे कारण फुलोऱ्यात आहे.

फुलोरा फांदीच्या शेंड्यावर येतो. त्यात शंभरावर फुले असली तरी बहुतेक नरफुले असतात. एका मादीफुलामागे सामान्यतः दहापासून तीसपर्यंत नरफुले आढळतात, आणि फळ धरते ते मादीफुलावरच. म्हणून भरगच्च फुलोरा पाहून उत्पन्नाचा अंदाज बांधणे फसवे ठरते.

झाडाने केव्हा फुलावे आणि कोणती फुले किती यावीत, हे झाडातील संप्रेरके व जनुके ठरवितात. संप्रेरक म्हणजे झाड स्वतःच अत्यल्प प्रमाणात तयार करते असे द्रव्य. त्याच्या योगे एका भागाचा निरोप दुसऱ्या भागास पोचतो. जनुक म्हणजे आईबापांकडून बियांत आलेली सूचना. पानांत तयार होणारे काही द्रव्य शेंड्याकडे जाऊन फुलण्याची आज्ञा देत असावे, असे रशियन शास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी १९३० नंतरच्या दशकात मांडले व त्यास ‘फ्लोरिजेन’ हे नाव दिले. ते द्रव्य एक प्रथिन आहे, हे भात व एका लहान तणावरील प्रयोगांतून २००७ साली स्पष्ट झाले. तसेच जनुक मोगली एरंडातही आहे. प्रयोगशाळेत त्याचे कार्य वाढविले असता काचेच्या बाटलीतील कोवळ्या रोपासही फुले आली. याउलट वागणारे, फुलणे लांबविणारे जनुकही झाडात असते.

संप्रेरकांपैकी जिबरेलिन शेंड्यास वाढीकडे ओढते. अनेक वृक्षांत ते फुलण्यास अडथळा करते. कोकणातील बागाईतदार हापूस आंब्यास पॅक्लोब्युट्राझोल देतात ते याच कारणास्तव : त्याने झाडातील जिबरेलिन कमी तयार होते आणि पालवीऐवजी मोहोर येण्यास मदत होते. सायटोकायनिन या संप्रेरकाचे कार्य निराळे. चीनच्या युन्नान प्रांतात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मोगली एरंडाच्या कोवळ्या फुलोऱ्यांवर त्या वर्गातील बेंझिलॲडेनिन फवारले असता मादीफुले वाढली, एरवी न आढळणारी द्विलिंगी फुलेही आली आणि फळे चौपटीहून अधिक धरली. बी मात्र आकाराने लहान राहिले. पडीक जमिनीवरील झुडपास असा खर्च परवडेल काय, हा प्रश्न वेगळा. शेतकऱ्याने ऐकीव माहितीवर फवारणी करू नये, हेच बरे.

त्यापेक्षा निवड हाती आहे. बियांपासूनची रोपे एकसारखी निपजत नाहीत. कुंपणातील झाडांच्या फुलोऱ्यांत मादीफुले मोजावीत. एक हंगाम पुरेसा नाही, दोन-तीन हंगाम पाहावे, कारण हवा व ओलावा यांनीही प्रमाण बदलते. सतत अधिक फळे देणाऱ्या झाडाची छाट कलमे लावल्यास तोच गुण उतरतो आणि ती लवकर फुलतात. मात्र त्यांस सोटमूळ नसते. उथळ मुळांमुळे कोरड्या माळावर ती पाण्याचा ताण कमी सोसतात. फुलोरा शेंड्यावरच येत असल्याने झाडे लहान असतानाच शेंडे छाटून फांद्या वाढवाव्यात. बिया विषारी आहेत. वाळत घातलेल्या बियांजवळ मुलांस फिरकू देऊ नये.