ओढ्यावर झुकलेले पान

'बेडूक तो बेडूक, त्यात अभ्यासायचे काय?' असे आमच्या घरी विचारतात. मीही तसेच समजत असे. परंतु सह्याद्रीतील वाहत्या ओढ्यांकाठी राहणारा, रात्री वावरणारा एक बेडूक असा आहे की, त्याला नुसते पाणी पुरत नाही; पाण्यावर झुकलेले पानही लागते. 'निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी' हे त्याचे शास्त्रीय नाव. भादुरी व कृपलानी यांनी १९५५ साली ते मुंबईचे निसर्गतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्यावरून ठेवले. (बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीविरुद्ध लढले ते हेच. १९८७ साली ती निर्यात बंद झाली.)

पावसाळ्यात नर रात्री साद घालतो. मादी आली की इतर बेडकांप्रमाणे तो तिला घट्ट धरत नाही. हात पानावर टेकवून तो तिच्या पाठीवर बसतो, वीर्य सोडतो व दूर होतो. मादी अंडी घालते ती त्यानंतर. वीर्य तिच्या पाठीवरून ओघळत अंड्यांपर्यंत पोहोचते! सातारा जिल्ह्यातील हुंबरळी येथे केलेली ही निरीक्षणे २०१६ साली प्रसिद्ध झाली. पुढे अंड्यांतून निघालेली शेपटीची पिले टपटप खाली पाण्यात पडतात.

म्हणजे पान नेमके ओढ्यावरच हवे. धोक्यातील प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीत २००४ साली या बेडकाची नोंद झाली. आमच्याकडे मात्र वाट साफ करताना पहिला कोयता पडतो तो ओढ्यावर वाकलेल्या फांदीवर. पाण्याला कोणी हात लावत नाही, म्हणून ओढा शाबूत आहे असेच सर्वांना वाटते. यंदा ज्येष्ठात तो कोयता माझ्याच हाती होता.